पहिला चेंडू

मलिंगार,
आयर्लंड, ४ मे २०२५

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही, म्हणून पत्र. स्वरूपाच्या वर्षश्राद्धाला साताऱ्याला आलो तेव्हाही आपलं बोलणं झालं नाही. तब्येत बरी आहे. कंपनीत नेहमीसारखं.

एक विचारायचं होतं. मी रविवारी बेसबॉल खेळतो. स्वरूपा त्याला सोटा-चेंडू म्हणायची. पहिला गोलंदाज दमला की शेवटचे दोन-तीन डाव मी चेंडू टाकतो. मी शेवटी टाकायचो यात कौशल्य काही नव्हतं. ती हॉस्पिटलमध्ये असताना तिला जेवण भरवून निघायचो, स्वोर्ड्स गावाजवळच्या मैदानावर पोचेपर्यंत निम्मा खेळ झालेला असायचा. तीच मला हाकलायची. म्हणायची, इथे माझं तोंड बघत बसू नकोस, जा, कुणाला तरी बाद कर.

ती गेल्यावरही मी त्याच वेळेला निघतो. तोवर घरात नुसता बसून असतो. टीममध्ये कुणी काही विचारत नाही. आता आमचा मॅनेजर डेक्लन म्हणतो की १ जूनपासून सुरुवात मी करायची, मग दर तिसऱ्या रविवारी. विचार करून सांगतो म्हटलं, तर ग्रँड म्हणाला, म्हणजे इथलं ‘उत्तम’, आणि ठरल्यासारखा निघून गेला.

सुरुवात करायची म्हणजे सकाळीच निघायचं. रविवारचा तो वेळ मला अजून तिचाच वाटतो. तो रिकामा झाला, असं चारचौघांत सांगितल्यासारखं होईल. तुम्ही नको म्हणालात तर डेक्लनला नाही सांगेन.

आपला लोभ आहे, तो तसाच राहू द्यावा.

आपला,
परेश


सातारा,
१८ मे २०२५

चि. परेशराव यांस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. खरं सांगते, आधी राग आला. वर्ष झालं की जावई मोकळा झाला, असं मनात आलं. म्हणून उत्तराला उशीर.

आमच्याकडे सासरवाडीने जावयाला दुखवट्याची टोपी घालायची रीत आहे. टोपी घातली की त्याने कामाधंद्याला लागायचं. तेराव्याला मला तिथे येता आलं नाही. वर्षश्राद्धासाठी टोपी आणून ठेवली होती. तुम्ही आलात, जेवलात, गेलात, आणि मी ती कपाटातून काढली नाही. विसरले नव्हते. काढली असती तर माझ्याकडूनही संपल्यासारखं झालं असतं. म्हणजे तुम्ही तिकडे जे करता, तेच मी इकडे केलं.

आता ती पांढरी टोपी घालून तुम्ही मैदानात उभे राहिलात तर खेळ सोडून लोक तुम्हालाच बघतील. तुमच्या खेळाची टोपी असतेच ना? ती माझी समजा आणि पहिल्या चेंडूच्या आधी घाला.

शाळेत मी जन्मभर मुलींना खो-खो शिकवला. शेवटी पळणाऱ्या तुकडीतली मुलगी पाळीची वाट बघत फार वेळ बसून राहिली की तिचे पाय आखडतात. एवढा मोठा इंजिनीअर, आणि चेंडू टाकायला सासूची परवानगी मागतो! दिली. पोटभर खाऊन जा.

माया आहेच, ती लिहून दाखवायला नको.

आई


मलिंगार,
८ जून २०२५

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वेळेत मिळालं. सांगितलंत तसं केलं.

१ जूनला खेळाच्या तासभर आधी पोचलो. डेक्लनची आई सगळ्यांसाठी चहा आणि सँडविच आणते. तीन वर्षांत मला हे माहीतच नव्हतं, कारण मी पोचेपर्यंत संपलेलं असायचं. त्यांनी विचारलं, तू नवीन का?

पहिल्या डावात मी चार धावा दिल्या. मग हात बसला. पाचव्या डावानंतर डेक्लन आला आणि त्याने हात पुढे केला. आमच्यात चेंडू मॅनेजरच्या हातात द्यायचा आणि बाहेर जायचं. आजवर त्याच्याकडून मी चेंडू घेत आलो होतो, दिला नव्हता. थोडा वेळ धरून ठेवला. त्याने हात तसाच ठेवला. मग दिला.

बाकावर बसल्यावर मला रडू आलं. ती गेल्यापासून आलं नव्हतं. शेजारच्याला वाटलं, त्या चार धावांमुळे. तो म्हणाला, पहिल्या वेळी सगळ्यांचंच असं होतं. मी हो म्हटलं.

पुढची माझी पाळी २२ जूनला आहे. येतो म्हणून सांगितलं आहे.

पाठीवर हात आहे, तो असू द्या.

आपला,
परेश