रेघेवरचं टेंगूळ

४ मार्च

आज सकाळी यंत्राला नमस्कार करायचा राहून गेला. वरच्या मजल्यावर चहापाशी पोचल्यावर आठवलं. पेला तसाच ठेवला, जिना उतरून परत खाली आलो, झडपेवर हात ठेवून डोळे मिटले. उघडतो तर टाचणी मागे उभी! म्हणाली, "काका, ते ओ देतं का हो?" म्हटलं, ओ देत नाही, पण रुसतं.

टाचणी हे नाव मी ठेवलेलं. मी यंत्र सांभाळतो त्या प्रयोगशाळेत पदवीसाठी संशोधन करणारी मुलगी. बारीक आहे आणि टोचते. तोंडावर अर्थातच म्हणत नाही.

आज तिची नवी पट्टी उगवायला घेतली. आम्ही "उगवणं"च म्हणतो. बंद भांड्यातली हवा काढायची, मग कथलाची वाफ आत सोडायची. ती काचेवर एकच थर धरते, दुसरा धरतच नाही. उरलेली हुसकून लावायची. मग पाण्याची वाफ. पुन्हा हुसकणं. झाला ऑक्साइडचा एक थर. की पुन्हा कथील. दिवसभर हेच, आणि संध्याकाळी हातात काय येतं? काही दिसतच नाही! केसाचे उभे हजारो पापुद्रे काढावेत आणि त्यातला एकच काचेवर ठेवावा, एवढंच. मला हे जपासारखं वाटतं. फरक इतकाच की मणी चुकला तर देव सांभाळून घेतो. थर चुकला तर टाचणी घेत नाही.

५ मार्च

पट्टी उत्तम उतरली. खाली नखाएवढी शेगडी लावून चाचणीच्या खोलीत उघडीच ठेवली आहे. हायड्रोजनवर चालणाऱ्या बसगाड्या जिथे रात्री उभ्या राहतील, तिथे छताला ही पट्टी लागणार. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. गळला तर माणसाला पत्ता लागत नाही, पट्टीला लागतो. टाचणीने आज तिला अत्तर हुंगवलं, स्पिरिट हुंगवलं, चहा हुंगवला. पट्टी ढिम्म. मग नळीतून हायड्रोजनचा नुसता ठिपका सोडला. पडद्यावरची रेघ टुणकन वर! नळी बंद केली, लगेच खाली. टाचणी खुर्चीवर बसल्या बसल्या नाचली.

७ मार्च

घोड्याने पेंड खाल्ली. सकाळभर रेघ सरळ होती, आणि दुपारी जेवणानंतर अचानक वर चढली, थोडी रेंगाळली, उतरली. खोलीत हायड्रोजनची एकही नळी उघडी नव्हती.

सर समोरच होते. सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांना जगातलं सगळं सरळ लागतं. भांग, खुर्च्यांच्या रांगा, रेघ. रोज जेवण झालं की ते चाचणीच्या खोलीत येतात, हात मागे बांधून पट्टीवर वाकतात आणि मला काहीतरी समजावतात. मी मान हलवतो. वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. आज बोलता बोलता थांबले. "हे टेंगूळ कसलं?"

८ मार्च

पुन्हा टेंगूळ. जेवणानंतरच.

११ मार्च

तीन दिवस टेंगळाचा माग काढतोय. टाचणीला वाटलं लिफ्ट. म्हणून ती काचेपलीकडे संगणकासमोर बसली आणि मी लिफ्टमधून वर-खाली, वर-खाली. चौथ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "हरवलात का?" रेघ सरळ. मग शेजारच्या खोलीतली भट्टी बंद करवली, तिथले लोक भांडायला आले. मग सरांना वाटलं बुटांचे तळवे. सगळे अनवाणी. सरांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. कोणी पाहिलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं. दुपारी टेंगूळ आलंच.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. २४ तारखेला बसवाल्या कंपनीच्या तपासनीस बाई येणार. त्यांना एकच गोष्ट बघायची आहे: हायड्रोजन नसताना पट्टी ओरडते का? ओरडली तर पट्टी खोटारडी. मग ही कृती बाद, आणि टाचणीची मुदत उन्हाळ्यात संपते. नवी कृती बसवायला वेळच नाही. पदवीशिवाय घरी जायचं. ती हे सांगत होती आणि धुतलेलं चंचुपात्र पुन्हा धूत होती. मी काढून घेतलं नाही. धुवू दिलं.

१२ मार्च

जेवताना हिला टेंगळाची हकीकत सांगितली. ही म्हणजे माझी बायको. विज्ञानाशी तिचा संबंध कुकरच्या शिट्टीपुरता, पण ऐकते मन लावून. म्हणाली, "रोज जेवणानंतर?" हो. "खोलीत कोण असतं?" मी. हिने माझ्या ताटातल्या घेवड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून जी हसायला लागली ती उठून ओट्याला टेकली.

"अहो, मग तुम्हीच असाल की ते टेंगूळ!"

मी म्हटलं, काहीतरीच. पोटातला वारा वेगळा, हायड्रोजन वेगळा. म्हणाली, "पादऱ्या पोराला पावट्याचं निमित्त ऐकलं होतं. इथे तर यंत्राचं निमित्त झालं."

१३ मार्च

टाचणीला आडून विचारलं, माणसाच्या पोटात हायड्रोजन असतो का गं? ती मान वर न करता म्हणाली, "असतो की काका. कडधान्यं आतड्यात आंबली की होतो. भरपूर. का?"

सहज, म्हटलं.

भरपूर!

१४ मार्च

आजवर माझ्या आतलं काय ते देवाला ठाऊक होतं. त्याने कधी चारचौघांत बोलून दाखवलं नाही. आता मीच माझ्या हाताने, थरावर थर, असं काहीतरी उगवलंय की ज्याला तेवढंच कळतं आणि जे ताबडतोब पडद्यावर काढून दाखवतं.

हिला सांगितलं, आजपासून घेवडा बंद, वाटाणा बंद, डाळ बंद. ही म्हणाली, "मग खाणार काय, कथील?"

१७ मार्च

भात आणि दही. भात आणि दही. पोट इतकं शांत आहे की रिकाम्या देवळासारखं वाटतं. आज दुपारी निर्धास्त मनाने सरांशेजारी उभा राहिलो. नाव घेत होतो मनात.

टेंगूळ आलं! आधीच्यांपेक्षा मोठं!

मी नव्हे. मग कोण? टाचणी दुपारी जेवतच नाही, बिस्किटं खाते, आणि बसते काचेपलीकडे. खोलीत आम्ही दोघंच. मी आणि...

देवा.

१९ मार्च

सर काल आणि आज परगावी बैठकीला. रेघ सरळ. पाटीवर फूटपट्टी ठेवून ओढावी तशी.

२० मार्च

सर आले. दोन दिवसांची रेघ पाहून माझी पाठ थोपटली. विचारलं, मी काय दुरुस्त केलं. म्हटलं, देवाची कृपा. ते म्हणाले, कृपा ठीक आहे, पण कारण सापडलं पाहिजे. आणि हे म्हणत असतानाच, त्यांच्या खांद्यावरून मला दिसलं, रेघ वर निघाली.

सर वळले. दोघंही त्या टेंगळासमोर उभे राहिलो. ते कपाळाला आठ्या घालून, मी छताकडे बघत.

२१ मार्च

आज ठरवून गेलो की एकांतात सांगायचं. दार लावून घेतलं. "सर, पोट कसं असतं हल्ली?" इतकंच जमलं.

सर खूश! त्यांना वाटलं मी प्रकृतीची चौकशी केली. म्हणाले, डॉक्टरांनी मांस बंद करायला सांगितलंय, तेव्हापासून दुपारी नुसती मोड आलेली कडधान्यं. वाडगाभर. मूग, मटकी, वाटाणे. किती हलकं वाटतं म्हणून सांगू! त्यांनी मोड कसे आणायचे ते फडक्यासकट समजावलं. मी मान हलवली. निघताना कपाटातून एक भरलेला डबा काढला आणि माझ्या हातात दिला. "तुम्ही हल्ली वाळलात. घरी न्या."

सांगायला गेलो होतो, डबा घेऊन आलो.

२२ मार्च

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? टाचणीला सांगावं तर ती सरांसमोर तोंड कसं उघडेल? तिच्या प्रबंधावर सही त्यांची. निनावी चिठ्ठी? छे. तपासनीस बाईंसमोर पट्टी ओरडणार, सर "कारण अज्ञात" म्हणणार, आणि खरं बोलणारी एकच वस्तू त्या खोलीतून खोटारडी ठरून बाहेर जाणार.

सरांचा अपमान माझ्याच्याने होणार नाही. मी नवा होतो तेव्हा माझ्या हातून यंत्राची जाड काचेची खिडकी फुटली होती. परदेशातून मागवलेली. मोठे साहेब आले, सगळे रांगेत. सर म्हणाले, "माझं कोपर लागलं." त्यांचं कोपर त्या दिवशी इमारतीतही नव्हतं. नंतर आम्ही दोघं कधी त्या विषयावर बोललो नाही. झाकली मूठ.

तेव्हा आता माझी पाळी. उठून म्हणायचं, ते टेंगूळ माझं.

पण ते खोटं होईल. मी भात-दही खातोय! गावच्या शाळेत गुरुजींनी एक गोष्ट तेवढी मनावर ठोकून बसवली. वर्गात कोणी वारा सोडला की सगळ्यांना उभं करायचे आणि विचारायचे, आणि जो खरं सांगेल त्याला बसायला सांगायचे. बाकीचे तासभर उभे. त्या भीतीने मी आयुष्यभर खरं बोलत आलो. देवापुढे बसलो तर तिथेही डोक्यात हेच. देवा, पोट तू दिलंस, कडधान्यं तूच, पट्टीही तुझ्याच कृपेने उगवली. मग या तिघांची गाठ कशाला घालून दिलीस?

दिवा शांत झाला, तेव्हा सुचलं. बोलणं खोटं ठरू नये यासाठी एकच वाट आहे.

डबा.

२३ मार्च

संध्याकाळी सरांचा डबा हिच्यापुढे ठेवला. म्हटलं, सगळं शिजव. मीठ तेवढं घाल. शिवाय घरातला घेवडा आहे तो पण. हिने एकदा माझ्याकडे पाहिलं. "उद्या त्या बाई यायच्यात ना?" हो. "आणि तुम्ही मुद्दाम?" हो.

तिने घेवडा सोलला, सगळं शिजवून वाढलं. मग म्हणाली, "लग्नात सगळे म्हणाले होते, मुलगा अगदी साधा आहे, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही." आणि माझ्या ताटात आणखी एक पळी वाढली. नंतर आणखी एक.

आता पोटात रेल्वेचं जंक्शन झालंय. उद्याच्या डब्यातही उरलेलं भरलंय. ही म्हणते झोपा. झोपतो कसला! मला भीती वेगळीच आहे. बोलायची वेळ आली की माझा आवाज बसतो. आणि आवाज बसला तर हे सगळं फुकटचं.

२४ मार्च

बोललो.

दुपारी खोलीत तपासनीस बाई, सर, मी. टाचणी काचेपलीकडे. रेघ चढली, अशी चढली की पडद्याच्या वर जायची बाकी राहिली. बाईंनी टोपण काढून पेन हातात घेतलं. म्हणाल्या, "म्हणजे हायड्रोजन नसताना ओरडते." काचेपलीकडे टाचणीने डोळे मिटून घेतले. मी शाळेत उभा राहायचो तसा हात बाजूला धरून उभा राहिलो. "बाई, पट्टी खोटं बोलत नाही. हायड्रोजन आहे. तो माझा आहे. काल रात्री मोड आलेली कडधान्यं खाल्ली."

कोणी हसलं नाही. बाईंनी मला नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "मग जरा बाहेर जा."

गेलो. टाचणीशेजारी उभा राहून काचेतून पाहिलं. रेघ उतरू लागली. उतरली, आणि अर्ध्यावर थांबली. थांबूनच राहिली.

सर त्या अर्ध्या टेंगळाकडे पाहत होते. मग काचेतून माझ्याकडे. कान हळूहळू लाल झाले. त्यांनी कोट सारखा केला, भांगावरून हात फिरवला, दार उघडून बाहेर आले आणि माझ्या शेजारी येऊन ताठ उभे राहिले.

आत रेघ सरळ झाली.