सुळा खाली येईपर्यंत

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी बातमी, मग बाकीचं, नाहीतर तू पत्र शेवटून वाचायला लागशील. खारूचं ऑपरेशन झालं, तुझी लेक ठीक आहे. आत्ता माझ्या चौकटींच्या दुकानाच्या माळ्यावर पाय पसरून सूप पितेय आणि माझ्या चित्रांच्या चौकटी कशा वाकड्या लागल्यात ते मला खुणांनी सांगतेय. बोलता येत नसतानाही चुका काढायच्या म्हणजे अगदी तुझ्यावर गेलीय.

तिचा वरचा सुळा टाळूच्या बाजूला आडवा अडकून बसलाय, हे तुला ठाऊकच आहे. तेरा वर्षांची झाली तरी दुधाचा सुळा जागा सोडत नव्हता. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी तो काढला, हिरडी थोडी उघडली आणि आतल्या सुळ्यावर एक बारीकसं बटण चिकटवलं. बटणाला साखळी. सोन्याची आहे म्हणे, तेव्हापासून बाईसाहेब भलत्याच तोऱ्यात आहेत. आता साखळीचं टोक आणि खालच्या दातांची तार यांच्यामध्ये इवलासा रबर अडकवायचा, रोज नवा. तो ओढत राहणार आणि सुळा हळूहळू उतरणार. हे काम तिचं तिनेच करायचं. मी करायला गेले तर बोट चावते.

सुळा जागेवर आला की पुढचं तुमच्याकडच्या दवाखान्यातही होईल, तेव्हा तोवर ती माझ्याकडे, मग घरी. पुढच्या दातांमुळे आपण तिला खारू म्हणायला लागलो, आता सगळे सरळ झाले तर नाव बदलावं लागेल.

काळजी करू नकोस असं लिहून उपयोग नाही, तेव्हा थोडी थोडी कर. लोभ आहेच, तो खारूला देऊन उरला तर मलाही दे.

तुझी,
धाकटी


१३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

ठीक आहे म्हणतेस, पण किती दुखलं ते लिहिलं नाहीस. गाल सुजलाय का? झोपेत रबर गिळला तर? साखळी तुटली तर? माझं चित्त थाऱ्यावर नाही. डेपोत दिवसभर माइकवर गाड्या सांगायच्या. काल चार नंबरच्या फलाटावरची बस दोनवर सांगितली. अख्खी रांग सामानसुमान घेऊन धावली आणि मला शिव्या घालत परत आली.

घरी नवीन काही नाही. तिच्या बाबांनी मला न विचारता पक्की नोकरी सोडली आणि लिफ्टदुरुस्तीचा स्वतःचा धंदा काढला, त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून आमचा अबोला आहे. तू हसशील म्हणून तुला सांगितलं नव्हतं. खारू होती तोवर तिच्यामार्फत सगळं भागत होतं, आता पंचाईत झालीय. तिला म्हणावं, बाबांना पत्र लिहून कळव की बाथरूमच्या नळाचा वॉशर गेलाय, आणि पुढच्या आठवड्यात माझी सकाळची पाळी आहे, तर त्यांनी किल्ली शेजारी ठेवत जावी.

तिला माझा पापा. तुझ्यावरचा लोभ आहे तसा आहे, पण पत्र लवकर आलं नाही तर तो कमी करीन.

ताई


९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. सुळा जागचा हललेला नाही. काल बाईंनी नवा एक्स-रे जुन्याशेजारी धरला. मला दोन्ही सारखेच दिसले, आणि तेच वाईट होतं. शिवाय तो आडवा सुळा शेजारच्या पुढच्या दाताच्या मुळाला टेकलाय आणि ते मूळ झिजायला लागलंय. बाईंना वाटतं, सुळा हाडाला चिकटला असावा. तसं असेल तर कितीही ओढला तरी यायचा नाही. महिनाभर वाट पाहू म्हणाल्या. तोवर हलला नाही तर काढून टाकायचा, नाहीतर शेजारचा चांगला दातही जाईल.

रबर नीट लावतेस ना, असं त्यांनी खारूला खोदून खोदून विचारलं. तिने दर वेळी मान डोलावली. घरी आल्यापासून मात्र माळ्यावरून खाली उतरलेली नाही.

आणि तुमच्या टपालाबद्दल. एका घरात राहणाऱ्या दोन माणसांचे निरोप माझ्या दुकानावरून फिरून जातात. तुझं ऐकून ती भाऊजींना लिहिते, त्यांचं आलं की तुला. पोस्टमन मला विचारतो, हे दुकान चौकटींचं की टपालाचं. आधी मला हसू यायचं. आता येत नाही. तुमच्यापैकी कोणाचंही पाकीट दिसलं की पोरगी ताटावरून उठते.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

धाकटी


१५ मे

चि. धाकटीस,
अ. आ.

काढून टाकायचा म्हणजे काय? एवढी चिरफाड करून, साखळ्या लावून, शेवटी काढायचाच होता? दुसऱ्या डॉक्टरला दाखव. मी यायलाच निघाले होते, पण रजा मिळत नाही. डेपोतल्या दोघीजणी आजारी आहेत. नुसत्या येरझाऱ्या घालतेय. स्वयंपाकघरातून खिडकी, खिडकीतून स्वयंपाकघर.

तिच्या बाबांना यातलं काही माहीत नाही. काल जिन्यात समोरासमोर आलो आणि दोघंही भिंतीला चिकटून बाजूला झालो. खारूलाच म्हणावं, सुळा काढावा लागेल असं बाबांना कळव. मला ते जमणार नाही.

तिला जप. तुझाच आधार आहे, तो असाच राहू दे.

ताई


२४ मे

ती. ताईस,
सा. न. आज विनंतीबिनंती काही नाही, सरळ सांगते.

त्या सुळ्याला कोणी ओढलंच नव्हतं. आज दुपारी बारीक हुक शोधायला दुकानाच्या कोपऱ्यातला पत्र्याचा डबा उघडला, तर खिळ्यांखाली रबरांची पाकिटं. प्रत्येकावर हत्तीचं चित्र, एक सोडून एकही फोडलेलं नाही. दवाखान्यात जायच्या दिवशी तेवढा एक रबर लावत होती.

मी ओरडले. बरंच ओरडले. मग ती रडायला लागली, तारांमुळे शब्द नीट फुटेनात, तेव्हा मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. ती म्हणाली, सुळा आला की घरी जावं लागेल, आणि घरी पुन्हा आईला सांग, बाबांना सांग. मी म्हटलं, सांगायला एवढं काय जड? तर म्हणाली, मावशी, आईबाबा जे सांगतात ते मी कधीच तसं सांगत नाही. ताई, तू म्हणायचीस, त्यांना म्हणावं घराची आठवण झाली तर जेवण झाकून ठेवलंय. ती जाऊन सांगायची, आई म्हणतेय गरम आहे तोवर जेवून घ्या. ते काही बोलले नाहीत तरी त्यांच्या नावाने तुला काहीतरी बरं सांगायची. पत्रांतही तेच. आता तिला नवीन काही सुचत नाही, आणि एक दिवस सगळं उघडं पडेल अशी तिला धास्ती आहे. ताई, हे ऐकताना मला तुमची दोघांची लाज वाटली.

तुझा शेवटचा निरोप मी तिच्यापर्यंत जाऊ दिलेला नाही. तो तुझा तू दे.

रबर आज लावलाय. पण उद्याचं काय? मी तिच्या तोंडात हात घालून बसू शकत नाही. माझ्यावर हवी तेवढी चीड, लोभ मागाहून दिलास तरी चालेल.

धाकटी


२ जून

चि. धाकटीस,
अ. आ.

तुझं पत्र डेपोत उघडलं आणि माइक चालू आहे हे विसरले. अख्ख्या डेपोने माझे हुंदके ऐकले. एक म्हातारे गृहस्थ काचेपाशी येऊन विचारून गेले, की त्यांची गाडी रद्द झालीय का.

संध्याकाळी तिचे बाबा बेसिनपाशी ग्रीसने माखलेले हात धूत होते. मी मागे उभी राहून म्हणाले, खारूचा सुळा कदाचित काढावा लागेल. आमच्या अबोल्यातलं ते पहिलं वाक्य. त्यांनी नळ बंद केला. मी तुझं पत्र त्यांच्यापुढे धरलं.

मग आम्ही एकेक आठवायला बसलो. थंडीत खारू मला म्हणाली होती, बाबा विचारत होते, दिवसभर बोलून आईचा घसा बसलाय का. त्या एका वाक्यावर मी किती दिवस काढले गं! आज विचारलं, तर ते असं काही म्हणालेच नव्हते. त्यांनाही माझ्या नावाचं एक मिळालं होतं: आई म्हणते, उंचावर काम करता, दोर नीट बांधत जा. मी तसं म्हटलं नव्हतं. म्हणायला हवं होतं.

समेट झाला असं समजू नकोस. नंतर त्या नोकरीवरून असं कडाक्याचं भांडण झालं, की शेजारीण दार किलकिलं करून बघून गेली. पण जे झालं ते समोरासमोर झालं. खारूला सांग... नको, तू नको सांगूस. सोबत तिच्या नावाचा कागद आहे, आम्ही दोघांनी लिहिलाय. सुळा आला तरी घरी कधी यायचं ते तिने ठरवावं, आणि निरोप पोचवायचं काम आजपासून बंद. रबर तेवढा लाव म्हणून विनवलंय.

तू ओरडलीस ते बरं केलंस. दोघांचाही लोभ आहे.

ताई


१८ सप्टेंबर

ती. आईस,
शि. सा. न.

आला! जूनच्या एक्स-रेत तो थोडासा हलला होता, म्हणून बाईंनी काढायचं थांबवलं, ते मावशीने तुला कळवलंच असेल. आज सकाळी दात घासताना जीभ कशाला तरी टोचली. मावशीने बॅटरी लावून बघितलं आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाईकालाही माझं तोंड उघडून दाखवलं. टाळूच्या कडेला पांढरं टोक आहे. शेजारच्या दाताचं मूळ झिजलं ते परत येणार नाही, पण झिजणं थांबलंय आणि दात पक्का आहे, असं बाई म्हणाल्या. माझ्यामुळे जास्त झिजलं. मी त्यांना खरं सांगितलं, त्या रागावल्या.

घरी कधी यायचं ते मी अजून ठरवलं नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. सुट्टीत नक्की येते. तेव्हा भांडलात तरी चालेल. रबर रोज लावते, मावशी रोज तपासते. माझ्यावर माया असू दे.

तुझी,
खारू

ता. क. बाबांना वेगळं पत्र लिहीत नाहीये. सुळ्याचं त्यांना तू सांग. मी लिहिलंय तसंच सांग, गोड करू नकोस.