चौथी पुरी

तीर्थरूप आप्पा,

तुम्ही गेलात, तरी हे तुम्हालाच सांगायचंय. तुमच्या नातीच्या, ईशानीच्या, यकृतावर चरबी धरलीये. डॉक्टर म्हणाले, आत्ता सांभाळलं तर बरं होईल. नाहीतर तुमचं झालं तसं, पण ऐन तरुणपणीच, तिचं यकृत निबर होत जाईल.

काल अष्टमीला शेजारच्या काकूंकडे ती कुमारिका म्हणून जेवायला बसली. काकू चौथी पुरी वाढायला वाकल्या. "कुमारिकेनं नाही म्हणू नये गं!"

"आज मी देवी ना, काकू? मग देवीचं पोट भरलंय. बस्स!"

काकूंनी पुरी परातीत ठेवून हात जोडले.

आप्पा, दशाश्वमेध घाटावर पौरोहित्य करताना यजमानांच्या जेवणाच्या आग्रहाला 'नको' म्हणणं तुम्हाला जन्मभर जमलं नाही. नऊ वर्षांच्या पोरीला जमलं.

मी तिच्या पाया पडले. एकदा तुमच्या वतीनंही.

तुमची सून,
सुमेधा