लंबूची बाजू

तीर्थरूप आत्या हिला,

तुझ्या टाचेची सूज अजून उतरली नाही असं आईकडून कळलं, म्हणून पायांना हात न लावता लांबूनच नमस्कार करतो.

मी बरा आहे. खोकला नाही. वजन दोन किलोंनी वाढलंय. (हे तू विचारलेलं नाहीस, पण आपण बोलत असतो तर पहिलं हेच विचारलं असतंस.) आठ महिन्यांपूर्वी तुझ्या घरातून मी ज्या तऱ्हेने बाहेर पडलो, त्यानंतरचं हे पहिलंच पत्र. त्या विषयाला बगल देणार नाही, पण जरा वळसा घालून येतो, कारण सरळ गेलो की माझा आवाज चढतो, कागदावरसुद्धा. शेजारी पाण्याचा तांब्या भरून ठेवलाय.

आधी कारण सांगून टाकतो. मी ज्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, त्याच्या समोरच्या चष्म्याच्या दुकानात एक मुलगी काम करते. ती अकरा दिवस माझ्याशी बोललेली नाही आणि हे पत्र टपालपेटीत पडल्याशिवाय बोलणारही नाही. तिने तसं बजावलंय, आणि ती बोलते ते करते, हे मी अकरा दिवस बघतोय. मला झोप लागते, जेवण जातं, पण दुपारी ती दुकानाची काच पुसायला बाहेर येते तेव्हा माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर हमखास खाली पडतो. मालक म्हणतात, त्याला दोरी बांध. तर या मुलीने मला पत्र का लिहायला लावलं, हे कळायला तुला आधी लंबू कळला पाहिजे.

लंबू हा एका कॉम्प्युटर गेममधला राक्षस आहे. (आत्या, पान उलटू नकोस. पुढे तुझा संबंध येतो.) गेम भीतीचा आहे. एक बंद पडलेलं तीन मजली वसतिगृह असतं. आपण त्यात चोरासारखं शिरायचं, खोल्या धुंडाळायच्या आणि तिसऱ्या मजल्यावरून सुटकेची वाट काढायची. मधे हा लंबू. सात फूट उंच, हात गुडघ्यांपर्यंत, चेहऱ्याच्या जागी नुसती धुतलेल्या चादरीसारखी सपाटी, आणि उजवा पाय किंचित ओढत चालतो. लांबून तो सर्र-टप, सर्र-टप आवाज आला की भल्याभल्यांचे हात माऊसवरून घसरतात. आला की मान धरतो आणि खेळ खलास. म्हणून जगभरचे खेळाडू त्याला मारतात. कोणी कुऱ्हाडीने, कोणी जिन्यावरून ढकलून. कसं मारावं यावर लोकांनी तासतासभर भाषणं करून ठेवली आहेत. त्याने असं काय केलंय, हा प्रश्न एकालाही पडलेला नाही. (पाणी पिऊन आलो.)

मलाही पडला नव्हता. दुरुस्त केलेला कॉम्प्युटर गिऱ्हाइकाला देण्याआधी तो तापतोय का बघायला त्यावर एखादा जड गेम तासभर चालवावा लागतो, हा आमच्या धंद्यातला रिवाज. त्यामुळे मी पगारी मरत होतो. एक्केचाळीस वेळा मेलो. बेचाळिसाव्या वेळी कंटाळून एका कपाटात लपून नुसता बघत बसलो, आणि आत्या, मला दिसलं की तो कोणाला शोधत नाहीये. तो दारं लावतोय. मी उघडी टाकलेली दारं. एका खोलीत मी खुर्ची पाडली होती, ती त्याने उचलून टेबलाखाली सरकवली. नळ ठिबकत होता, तो पिळला. आणि मग माझ्याकडे न बघता, सर्र-टप करत पुढच्या खोलीत गेला.

मी कपाटातून बाहेर आलो. कपाटाचं दार लावलं. त्याच्या मागोमाग चाललो, दार दिसलं की लावत. तो थांबला, वळला. त्याने ती बिनचेहऱ्याची मान जराशी कलती केली आणि चालू लागला. म्हणजे जो दार लावतो त्याला तो काही करत नाही! तासभर आम्ही दोघं तीन मजल्यांची दारं लावत हिंडलो. इतकं शांत मला कॉलेजात कधीही वाटलं नव्हतं. वर शेवटच्या खोलीत ओळीने छोट्या खाटा आहेत, आणि भिंतीवर एक कागद डकवलेला. त्याला मारून तिथे पोचलात तर तो कागद फाटलेला असतो. त्याच्याबरोबर गेलात तर अख्खा असतो. त्यावर लिहिलंय: दारं लावत जा, वारा आत आला की मुलं खोकतात.

मी त्या आठवड्यात लंबूची बाजू मांडणारा एकोणीस पानी लेख लिहिला आणि त्या गेमच्या चाहत्यांच्या अड्ड्यावर टाकला. (ज्या मुलाने परीक्षेत पुरवणी कधी मागितली नाही, त्याने.) उत्तरं तीन आली. एकाने हसणारी तोंडं पाठवली. एकाने विचारलं, कुऱ्हाड कुठे सापडते. तिसऱ्याने लिहिलं की राक्षसाची एवढी कड घेणाऱ्याने आधी स्वतःला तपासून घ्यावं. त्याला मी जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही, तू वडीलधारी आहेस.

अशा पेटलेल्या मनःस्थितीत मी असताना ती आमच्या दुकानात आली. त्यांच्याकडे भिंग फ्रेमच्या मापाने कापायचं मशीन आहे, त्याला जोडलेला कॉम्प्युटर अखेरच्या घटका मोजत होता. त्यात सहाशे गिऱ्हाइकांचे चष्म्याचे नंबर. मी म्हटलं, जुन्या डिस्कवरून नवीवर उतरवून देतो, अर्धा तास बसा. बसल्या बसल्या तिचं लक्ष शेजारच्या स्क्रीनवर गेलं. "हा काय प्रकार?" मी (हात पँटला पुसत) म्हटलं, खेळून बघा. हेतू असा की ती घाबरेल, मग मी दारांचं रहस्य सांगेन, मग आमची ओळख वाढेल. पूर्ण योजना डोक्यात तयार होती.

ती घाबरली नाही. सातव्या मिनिटाला लंबू जिन्यावर आला तेव्हा तिने भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं उपसलं आणि त्याच्या डोक्यात घातलं. "एवढंच होय?" म्हणाली, आणि दुसरा घाव घालायला हात उचलला. लंबू गुडघ्यावर बसला होता. त्याचा एक लांब हात शेजारच्या उघड्या दाराकडे गेला होता.

पुढचं मला नीट आठवत नाही. मालकांना आठवतं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी "त्याने तुमचं काय घोडं मारलंय?" असं ओरडलो आणि भिंतीतली वायर हिसकली. एका बोर्डावर आमची चार यंत्रं चालतात. लंबू वाचला. पण त्याच बोर्डावर तिची जुनी डिस्क होती, अर्धी उतरवून झालेली, ती तिथेच गेली. नवीही अर्ध्यावर अडकून बसली. सहाशे लोकांचे नंबर हवेत विरले. तिने शांतपणे पर्स उचलली आणि म्हणाली, "तुमचा राक्षस बरा आहे ना?" मालक म्हणाले, "भूत वाचवायला गिऱ्हाईक मारलंस की रे!" दोघांचं बोलणं बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त राग आला.

शिक्षा अशी झाली की चष्म्याच्या दुकानात जुनी कागदी कार्डं खोक्यांत भरलेली होती, त्यांवरून सगळे नंबर मी पुन्हा कॉम्प्युटरमध्ये घालायचे. ती वाचणार, मी टाइप करणार. आत्या, चार दिवस! डावा उणे सव्वादोन, उजवा उणे दोन. इतक्या मऊ आवाजात उणे कोणी म्हणत असेल असं वाटत नाही. पहिला दिवस नुसते नंबर झाले. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, तो लांब हातांचा माणूस दाराकडे का वळला होता? मग मी सगळं सांगितलं. ती काम थांबवून ऐकत होती. (तिचा स्वतःचा चष्मा उणे चारचा आहे, ऐकताना काढून ठेवते.) तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, त्या दिवशी मारायला नको होतं. मी तरंगतच घरी आलो.

चौथ्या दिवशी शेवटचं खोकं उघडल्यावर तिने सहज विचारलं, "पण एवढ्या लोकांत तुम्हालाच कसं दिसलं हो ते?" मी म्हटलं, चालण्यावरून. आमची आत्या अशीच चालते, उजवी टाच ओढत. तीही दारं लावत हिंडते. मला लहानपणापासून दम्याचा खोकला, मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला गेलो तर रोज संध्याकाळी सगळ्या घरभर तिची सर्र-टप. खिडक्या लाव, नळ पिळ, माझी पुस्तकं सरळ कर. मला तुरुंगात असल्यासारखं व्हायचं. मग म्हटलं, कॉलेज सोडतो म्हणालो तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली, तेव्हा मी तिला जिन्यात, शेजारी ऐकत असताना, राक्षसीण म्हणालो आणि दार सताड उघडं टाकून निघून आलो.

बोलताना मला यात काही विशेष वाटलं नाही. ही मी सांगतोय ती खरी गोष्ट आहे. मी पुढचं कार्ड मागितलं. ती देईना. चष्मा घातला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "त्याला एकोणीस पानं. आणि आत्याला?"

मी म्हटलं, तो गेम आहे.

"तेच म्हणतेय," ती म्हणाली. "पत्र लिहा. पेटीत टाका. मग बोलू." उरलेली कार्डं तिने एकटीनेच घातली.

तर असं आहे. माझा राग अजून पूर्ण गेलेला नाही. तू माझ्या चपला लपवल्या होत्यास, हे मी विसरणार नाही. (आता तांब्याही रिकामा झाला.) पण त्या शब्दाबद्दल माफी मागतो. शेजाऱ्यांसमोर म्हणालो होतो, तर हा भाग शेजाऱ्यांनाही वाचून दाखवलास तरी चालेल. टाच गरम पाण्यात शेकत जा. आईला सांगू नकोस की मी रडलो, कारण मी रडलेलो नाही.

तुझा,
जिन्यातला भाचा

ता. क. पत्र पेटीत टाकताना ती समोर उभी असणार आहे, तेव्हा तेवढं पुरे होईल असं मला वाटलं होतं. आता मालकांकरवी निरोप धाडलाय, आत्याची पोच हवी. तरी तुझ्या हाताने दोन ओळी लिहून धाड. फोन नको, ती कागद बघायला मागेल. शिव्या दिल्यास तरी चालतील, फक्त सही स्पष्ट कर.

आणखी ता. क. वर मी लिहिलंय की हे पत्र तिच्यामुळे लिहितोय. तसं मी तिलाही सांगितलंय. हे पाचवं पत्र आहे. आधीची चार फाडली, त्यातली तीन ती आमच्या दुकानात यायच्या आधीची. हे तिला कळता कामा नये, नाहीतर तिचा सगळा वट जाईल.

शेवटचं. येत्या शनिवारी दुपारी मी येतोय. तीही येणार असा निरोप आहे, तुझा नंबर तपासायला. तुझा चष्मा सहा वर्षं जुना आहे असं माझ्याच तोंडून निघून गेलं. कॉलेजचं विचारलंस तरी चालेल, पण जेवण झाल्यावर. आणि त्या दिवशी संध्याकाळी तू बसून राहा. दारं मी लावतो.