शटरवरची खालची ओळ

अण्णा,

हे पत्र मी टाकणार नाही. कपाळावरच्या तीन टाक्यांचं कळलं, तर आई मला परत बोलावूनच दम घेईल. दगड मारणारे पळाले. जाताना माझ्या दुकानाच्या शटरवर रंगाने लिहून गेले, 'चालती हो, तुझ्या देशात जा.'

शेजारची बेकरीवाली बादली घेऊन धावत आली. "पुसून टाक बाई आधी!" मी म्हटलं, राहू दे. अण्णा, काय भिकार अक्षर होतं! ओळ उतरलेली, रंग ओघळलेला. पाट्या रंगवणाऱ्याच्या लेकीला आधी तेच दिसलं. रडू नंतर आलं.

मग तुमच्यासारखी खडूची दोरी ताणली, फटकन सोडली आणि उमटलेल्या सरळ रेषेवर, त्यांच्या ओळीच्या बरोबर खाली, ठसठशीत लिहिलं: 'दुकान रोज नऊला उघडतं. पाट्या रंगवून मिळतील.'

आज समोरचा न्हावी आला. सहा वर्षांत त्याने कधी ओळख दाखवली नव्हती. शटरकडे बोट करून म्हणाला, "माझी पाटी करायचीये. त्या खालच्या ओळीसारखी."

तुमच्या हाताखाली शिकलेली,
थोरली