क्षितिजाच्या ताऱ्याचा खुलासा

९ नोव्हेंबर २०२५, रविवार
अब्रह्मण्यम्! माझा जोडताऱ्यांवरचा लेख आमच्या पेपरच्या नागपूर डेस्कने वधू-वर जाहिरातींच्या पानावर छापला. डावीकडे 'निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट', उजवीकडे माझे तारे. बिट्टन मार्केटात शेजारचा मिलिंद भाजीची पिशवी सावरत म्हणतो, "काय पंडितजी, यातल्या कोणाला मंगळ आहे?" भोपाळचा वार्ताहर म्हणून बावीस वर्षं झिजलो, हेच ऐकायचं राहिलं होतं.

१० नोव्हेंबर
क्षितिजाचा बंगळुरूहून फोन. वाटलं, लेक कौतुक करणार.
"बाबा, लेखात माझं नाव का घातलंत? शोध कौस्तुभचा आहे. खुलासा छापा."
कौस्तुभ म्हणजे आमचे जावई. दोघं एकाच संस्थेत.
शोध त्याचा? लेखातल्या त्या ताऱ्याचं फुगणं-आक्रसणं तीन वर्षं मोजलं हिने. स्पंदनं कधी चार मिनिटं लवकर पोचतात, कधी उशिरा — म्हणजे तो कुणाभोवती तरी फिरतोय, हे पकडलं हिने. गेल्या दिवाळीत फराळ करताना मला समजावत होती: "सगळे याला म्हातारा तारा समजतात, बाबा. तसा नाहीये तो. जोडीदाराने याचे बाहेरचे थर ओढून घेतलेत. हलका गाभा तेवढा उरलाय, म्हणून असा धडधडतो." जावई शेजारी बसून चकल्या खात होते. चकल्यांचं श्रेय निर्विवाद त्यांचं.

११ नोव्हेंबर
परत फोन. जानेवारीत कौस्तुभची कायम नेमणुकीची मुलाखत आहे, म्हणून शोधनिबंधावर पहिलं नाव त्याचं. "आमचं ठरलंय, बाबा. तुम्ही उगाच तापताय."
ठरलंय म्हणे. कोणी ठरवलं, ते सांगत नाही. तापलोच आहे मी.

१२ नोव्हेंबर
दिवसभर तापलेलाच.

१३ नोव्हेंबर
खुलासा लिहायला बसलो. चार ओळी; चारदा फाडल्या. मंजूषावर ओरडलो, "आई आहेस ना? खडसाव तिला."
ती माझ्याच बातमीचं प्रूफ तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "मिसरोदच्या वीटभट्टीवरच्या बायकांची मालिका कोणी लिहिली होती हो?"
तिने. त्या बायका माझ्याशी बोलत नव्हत्या, म्हणून महिनाभर हीच जात होती. लिहिलंही हिनेच. पाठवली मी, पुरस्कार घेतला मी, कारण वार्ताहर मी.
"क्षितिजा नऊ वर्षांची होती तेव्हा," मंजूषा म्हणाली. "माझ्या मांडीवर बसून विचारायची, आई, काय लिहितेस?"
मग प्रुफातली माझी एक चूक दाखवली. दुरुस्त केली.

१४ नोव्हेंबर
खुलासा पाठवला नाही. क्षितिजाला फोनही केला नाही. 'आपलं काम असं कुणाला देऊ नकोस' म्हणायला जाईन आणि ती विचारेल, "मग आईचं?" — त्याची भीती वाटते.