दुसरी डिस्क

६ जानेवारी २०२६
लॅपटॉप टाकायचा नाही, ठरलं. विंडोजचे अपडेट ऑक्टोबरपासून बंद, नवीन विंडोज यावर चढत नाही. बहिणीचा नितेश अमरावतीहून म्हणाला, "मावशी, नवाच घेऊन टाक." त्याला सगळं सोपं वाटतं. दसऱ्यानंतर रुख्मिणीलाही असाच तिकडे घेऊन गेला. बावीस वर्षं आम्ही दोघी बहिणी अकोल्याच्या या घरात होतो. आता मी एकटी.

विंडोजसारखंच, पण फुकटचं लिनक्स घालून बघणार. विंडोजही राहू द्यायचं — तीस वर्षांच्या गणिताच्या प्रश्नपत्रिका त्यातच आहेत. पण आतली डिस्क अडीचशे जीबीची, गच्च भरलेली. दुसरी जागा हवी.

८ जानेवारी
कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. प्रियदर्शनी नावाची मुलगी एकटीच चालवते. पाच मिनिटांत तिने सांगितलं, "पेनड्राइव्हवर लिनक्स चालते मॅडम, पन रखडत. साधी हार्डडिस्कबी हळूच. बाहेरून लावाची एसएसडी डिस्क घ्या, पाचशे जीबीची. लॅपटॉप खोलाचं कामच नाही."
विचार करून सांगते, म्हटलं. विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

९ जानेवारी
पुन्हा गेले. हजार जीबीची का नको? "लिनक्सले शंभरबी पुरते मॅडम." स्टूल पुढे केलं, चहा दिला.

१२ जानेवारी
आज विचारलं, केबल कोणत्या खाचेत लावायची? निळ्या. मला माहीत होतं, घरी वाचलं होतं. तरी विचारलं. दिवसभरात तेवढंच बोलले.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ घेऊन गेले. रिकाम्या हाताने कितीदा जाणार? डिस्क घेतली एकदाची. काड्यापेटीएवढी आहे.

१५ जानेवारी
दुपारी लिनक्स घालायला बसले. मधेच पडद्यावर प्रश्न — कोणत्या डिस्कवर? दोन नावं, जवळजवळ सारखीच. चुकीची निवडली तर जुनं सगळं साफ. बोट उचलेना.
नितेशला फोन केला. "मीटिंगमधे आहे मावशी." रुख्मिणीने उचललाच नाही.
मग प्रियदर्शनीला. "मॅडम, नाव नका पाहू, साइज पाहा. पाचशेवाली तुमची नवीन. फोन ठेवू नका, मी हाओ इथंच."
पाऊण तास होती. मधेमधे तिचं गिऱ्हाइकांशी चाललेलं बोलणं ऐकू येत होतं. तेही बरं वाटत होतं.
लिनक्स सुरू झालं. विंडोजही जागेवर. "झालं ना मॅडम?" झालं, म्हटलं. फोन ठेवला आणि घर एकदम गप्प झालं.

१६ जानेवारी
सगळं नीट चालतं. आवाज, वायफाय, मराठी टायपिंग. विचारायला काही नाही.

१९ जानेवारी
रुख्मिणीशी बोलले. लिनक्सचं सांगत होते, तेवढ्यात तिला नातवाने हाक मारली. "ठेवते गोदा, मग करते."
केला नाही.

२१ जानेवारी
दुकानाच्या रस्त्यापर्यंत जाऊन परत आले. काय सांगून आत जायचं?

२३ जानेवारी
प्रियदर्शनीचा फोन. "मॅडम, आठ दिवस झाले. तब्येत बरी हाय ना?"
म्हटलं, बरी आहे, आता विचारायचं काही राहिलं नाही.
"तुमाले तं पयल्याच दिवशी सारं समजलं होतं. मले माहीत हाय. उद्या या, चहा मांडते."